फार्माकॉलॉजीच्या राष्ट्रीय सोसायटीचं सदस्यत्व घेऊन नक्की मिळतं काय?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करतेय, पहिलं वर्ष संपत आलंय. मागच्या आठवड्यात गाइडनी राष्ट्रीय फार्माकॉलॉजी सोसायटीच्या सदस्यत्वाचा फॉर्म हातात दिला आणि म्हणाले भरून टाक, आधीच्या दोन सदस्यांच्या सह्या लागतात, एक माझी घे आणि दुसरी तू शोध. मी विचारलं सर याचा उपयोग काय, तर म्हणाले घेतल्यावर कळेल. आता लॅबमधल्या सीनियर्सना विचारावं तर एक म्हणतो कॉन्फरन्सच्या फीमध्ये सवलत मिळते एवढंच, दुसरी म्हणते सीव्हीवर एक ओळ वाढते, तिसरा म्हणतो चार प्रोफेसर एकमेकांना पदकं देतात ती जागा.

पैशाचा प्रश्न नाहीये, विद्यार्थ्यांना फी कमीच असते. पण मला खरंच समजून घ्यायचंय की सोसायटी नावाची गोष्ट हवीच कशाला. जर्नल ऑनलाइन वाचता येतं, लेक्चरं ऑनलाइन सापडतात, शंका विचारायला गाइड आहेत.

अजून एक सांगते, कदाचित त्याचाही याच्याशी संबंध असेल. वर्षभर मी ज्याला भेटेन त्याला समजावतेय की मी फार्मासिस्ट नाही, फार्माकॉलॉजिस्ट आहे. औषध तयार करणं, देणं, त्याचा साठा सांभाळणं हे शास्त्र वेगळं आणि औषध शरीरात जाऊन काय करतं, शरीर औषधाचं काय करतं हे वेगळं. समोरचा मान हलवतो आणि पुढच्याच वाक्यात विचारतो, मग डोकेदुखीवर कुठली गोळी चांगली. कधीकधी मलाच वाटायला लागतं की आपला असा स्वतंत्र व्यवसाय आहे की नाही. ज्यांनी बरीच वर्षं काढलीत त्यांनी मनापासून सांगा.

प्रवासभत्ता

आधी रोकडं सांगतो म्हणजे ते बाजूला पडेल. सवलत मिळते हे खरं आहे. विद्यार्थ्यांसाठी ट्रॅव्हल ग्रँट असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी अर्ज करायच्या आधी ठरावीक महिने सदस्य असावं लागतं, म्हणून फॉर्म आत्ता भर, ऐन कॉन्फरन्सच्या तोंडावर भरशील तर हात चोळत बसशील, मी बसलोय. पोस्टर आणि छोट्या भाषणांची बक्षिसं असतात, काही सोसायट्या उन्हाळी प्रोजेक्टला पैसे देतात, नोकऱ्यांची यादी सदस्यांना मेलवर येते. मला पहिली पोस्टडॉक अशाच एका मेलमधून मिळाली. बाकी इतिहास वगैरे जाणकार सांगतीलच.

काजळीचा_ड्रम

निळी_शाई, मी वयानं बराच मोठा आहे म्हणून एकेरी लिहितो. जन्मभर फार्माकॉलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे, आणि तुझा शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. आपला स्वतंत्र व्यवसाय आहे की नाही, हा प्रश्न आपल्या विषयाला जन्मापासून चिकटलेला आहे आणि या सोसायट्या निघाल्या त्याच मुळी त्यामुळे.

फार्माकॉलॉजीला आधी स्वतःचं घर नव्हतं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. १८४७ साली डॉर्पाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, रुडॉल्फ बुखहाइम नावाच्या तरुण प्राध्यापकानं स्वतःच्या घराच्या तळघरात, स्वतःच्या खर्चानं प्रयोगशाळा मांडली. तीच जगातली पहिली प्रायोगिक फार्माकॉलॉजीची संस्था. तोवर औषधांचा अभ्यास म्हणजे पाठांतर, अमुक मुळी तमुक रोगावर, का ते विचारायचं नाही. बुखहाइमचं म्हणणं होतं की औषध नेमकं कुठे आणि कसं काम करतं ते प्रयोगानं दाखवा, नाही दाखवता आलं तर पुस्तकातून काढून टाका. त्याचा विद्यार्थी श्मीडेबर्ग. तो १८७२ ला स्ट्रासबुर्गला गेला आणि तिथे जगभरातून मुलं शिकायला यायला लागली. त्यातलाच एक जॉन जेकब एबल, जो अमेरिकेत परत गेला आणि पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक झाला.

२८ डिसेंबर १९०८ ला याच एबलच्या प्रयोगशाळेत अठरा माणसं जमली आणि अमेरिकन सोसायटी निघाली, आज जिला आस्पेट म्हणतात ती. फक्त अठरा! तोपर्यंत हे लोक फिजिऑलॉजीच्या किंवा बायोकेमिस्ट्रीच्या सभांमध्ये पाहुण्यासारखे जाऊन आपले निबंध वाचायचे. पुढच्याच वर्षी, १९०९ ला, त्यांनी स्वतःचं जर्नल काढलं, तेच आजचं जेपेट.

इंग्लंडात हे व्हायला अजून वीसेक वर्षं गेली. तिथली फिजिऑलॉजिकल सोसायटी १८७६ पासूनची, दबदबा मोठा, आणि फार्माकॉलॉजीची माणसं तिच्यातच सामावलेली. शेवटी गन, हेन्री डेल आणि डिक्सन या तिघांनी पुढाकार घेतला आणि जुलै १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात बैठक होऊन ब्रिटिश फार्माकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. डिक्सन पुढच्याच महिन्यात वारले. त्यांना सोसायटी जेमतेम महिनाभर बघायला मिळाली याची मला दरवेळी हळहळ वाटते. जर्नल निघायला मात्र १९४६ उजाडलं, मध्ये महायुद्ध आलं.

आता वेगळं घर हवं कशाला होतं? माझ्या मते मुख्य कारण माप. हृदयाच्या आजारावर देतात त्या डिजिटालिस वनस्पतीचंच घे. पानांची ताकद झाडागणिक, हंगामागणिक बदलते, आज दिलेले दहा थेंब आणि पुढच्या महिन्यातले दहा थेंब यांत पेशंटच्या जीवाइतका फरक पडू शकतो. रसायनशास्त्रज्ञाला त्या काळी ते वजन करून सांगता येत नव्हतं, ते जिवंत ऊतीवर किंवा प्राण्यावर तपासूनच ठरवावं लागे. डेल यांनी १९२० च्या दशकात राष्ट्रसंघाच्या मार्फत इन्सुलिन, डिजिटालिस अशा औषधांची आंतरराष्ट्रीय प्रमाणं ठरवून घेण्यासाठी जिवाचं रान केलं. एका प्रयोगशाळेतलं एक युनिट म्हणजे दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेतलंही एकच युनिट, हे कुणी एकट्यानं बसून होत नाही. त्याला एकमेकांना ओळखणारी, एकमेकांचे आकडे तपासणारी माणसं लागतात.

आमच्या वेळी किमोग्राफ होता, टिश्यूचं आकुंचन रेघेनं नोंदवणारं यंत्र. ड्रमवर चकचकीत कागद ताणून बसवायचा, ज्योतीवर फिरवून त्यावर काजळी धरायची, मग आतड्याच्या तुकड्याला बांधलेल्या दोऱ्याचं दुसरं टोक एका तरफेला आणि तरफेची नोक काजळीवर टेकवायची. औषध घातलं की काळ्यावर पांढरी रेघ उमटायची. प्रयोग संपला की कागद अलगद काढून शेलॅकच्या द्रावणात बुडवायचा आणि वाळवायचा. घाईत बोट लागलं तर दिवसभराचं काम पुसलं जायचं. मी पहिल्यांदा सोसायटीच्या सभेला गेलो तेव्हा असे गुंडाळलेले कागद घेऊन गेलो होतो, आणि तिथे ज्यांनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरून बघितले त्यांना एक शब्द समजावून सांगावा लागला नाही. मी फार्मासिस्ट नाही हो, असं तिथे म्हणावंच लागलं नाही.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी, सोसायट्यांनी चुकाही केल्यात. आस्पेटच्या घटनेत सुरुवातीपासून कलम होतं की औषध कंपनीत कायम नोकरी करणाऱ्याला सदस्य करायचं नाही. ते १९४१ पर्यंत टिकलं. त्या वेळी बाजारात भोंदू औषधांचा सुळसुळाट होता, कंपन्यांच्या पैशाची भीती होती, त्यामुळे हेतू मला समजतो.

पहिला_डोस

काजळीचा_ड्रम सर, तुमची पोस्ट फार आवडली, किमोग्राफ मी फक्त कपाटात ठेवलेला बघितलाय. पण शेवटच्या मुद्द्यावर मला बोलायचंय कारण मी कंपनीत आहे. प्राण्यांवरच्या डेटावरून माणसाला द्यायचा पहिला डोस किती हे ठरवणाऱ्या टीममध्ये बारा वर्षं काम करतेय.

हेतू समजला तरी ते कलम चूकच होतं असं मला वाटतं. जेम्स ब्लॅकनी प्रोप्रॅनोलॉल कंपनीत असताना शोधलं, सिमेटिडीन दुसऱ्या कंपनीत. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज पण कंपनीतच. तिघांना मिळून १९८८ चं नोबेल मिळालं. दाराबाहेर ठेवून विज्ञान शुद्ध राहत नाही, उलट कंपनीतल्या माणसाला कंपनीबाहेरचे समव्यावसायिक मिळत नाहीत आणि मग त्याला खडसावून विचारणारं कुणी उरत नाही. मला सोसायटीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच झालाय. ऑफिसात माझ्यावर वेळापत्रकाचं दडपण असतं, सोसायटीच्या बैठकीत कुणाला माझ्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसतं, ते सरळ विचारतात की हा डोस कशावरून.

निळी_शाई, तू विचारलंस आपला व्यवसाय आहे का. दोन गोष्टी सांगते.

पहिली, फ्रान्सिस केल्सी. थॅलिडोमाइडची गोष्ट सगळ्यांना माहितीये, गरोदर बायकांनी ते औषध घेतलं आणि हात-पाय नीट न वाढलेली बाळं जन्मली, पण ती बाई फार्माकॉलॉजिस्ट होती हे किती जणांना माहिती असतं? १९३६ ला शिकागोच्या प्रोफेसर गायलिंगनी तिला पत्रानं जागा दिली ती 'मिस्टर ओल्डहॅम' असं संबोधून, फ्रान्सिस नावावरून त्यांना पुरुष वाटला होता. पुढच्याच वर्षी सल्फानिलामाइड एलिक्झिरचं प्रकरण झालं, औषध विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं आणि शंभरच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं कितीतरी. गायलिंगच्या लॅबनं प्राण्यांवर काम करून विष नेमकं कुठलं ते दाखवलं आणि त्या कामात ती होती. मग युद्धाच्या काळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना तिला दिसलं की मोठा ससा क्विनीन मोडून टाकतो पण गर्भातल्या पिल्लाला ते जमत नाही. आता बघ, १९६० ला थॅलिडोमाइडचा अर्ज एफडीएत, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी खात्यात, तिच्या टेबलावर आला, दुसरा कुणी असता तर युरोपात विकतंच आहे म्हणून सही केली असती. तिनं शोषणाचा डेटा मागितला, विषारीपणाचा मागितला, परत परत मागितला. हात-पाय बधिर होतात असं ब्रिटनमधल्या एका डॉक्टरचं पत्र छापून आलेलं तिनं वाचलं आणि विचारलं की मज्जातंतूंना इजा करणारं औषध गरोदर बाईनं घेतलं तर पोटातल्या बाळाचं काय. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं तेव्हा अमेरिकेत ते बाजारात आलेलंच नव्हतं. तो प्रश्न पडायला वीस वर्षांपूर्वीचे ते ससे कारणीभूत होते असं मी मानते.

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या जवळची. १३ मार्च २००६, लंडन, टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी. सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली आणि काही तासांत सहाही जण गंभीर, अतिदक्षता विभागात. जीव वाचले, पण काहींनी आयुष्यभराची किंमत मोजली. डोस किती होता? किलोला ०.१ मिलिग्रॅम. माकडांना किलोला ५० मिलिग्रॅम देऊन काही झालं नव्हतं, म्हणजे पाचशेपट कमी दिला की झालं, कागदावर एकदम सुरक्षित. पण हाच हिशोब दुसऱ्या बाजूनं कर, किती डोसला किती रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या औषध जाऊन बसायच्या जागा, व्यापले जातात असा, तर तेवढ्याशा डोसलाही सुमारे नव्वद टक्के रिसेप्टर व्यापले जात होते. हा प्रश्न फार्माकॉलॉजीच्या पहिल्या वर्षातला आहे गं. नंतरच्या चौकशी समितीनं सांगितलं की अशा औषधांना पहिला डोस 'किती दिल्यावर काही होत नाही' यावरून न ठरवता 'कमीत कमी किती दिल्यावर काहीतरी व्हायला लागेल' यावरून ठरवा. मी रोज तेच करते. आणि माकडांना का काही झालं नाही, तर त्यांच्या ठरावीक टी-पेशींवर हे औषध ज्यावर बसतं तो सीडी२८ रिसेप्टर नसतोच, हे उत्तर २०१० ला छापून आलं ते ब्रिटिश सोसायटीच्या जर्नलमध्ये.

तेव्हा आहे आपला व्यवसाय. डोकेदुखीची गोळी विचारणाऱ्यांवर रागावू नकोस, त्यांना सांगायचं कामही आपलंच आहे.

निळी_शाई

बापरे, एवढं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं. सर, एकेरीच लिहा हो. पहिला_डोस ताई, केल्सीबद्दल वाचलं होतं पण सशांचं माहीत नव्हतं, दोनदा वाचलं.

पण तरी एक शंका आहे. हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. मी रोज ऑर्गन बाथसमोर, म्हणजे अवयवाचा तुकडा जिवंत ठेवायच्या भांड्यासमोर बसते, टिश्यू लावते, औषध वाढवत गेलं की परिणाम किती वाढतो त्याचा कर्व्ह काढते. माझ्या टेबलावर सोसायटीमुळे काय बदलतं? म्हणजे ती नसती तर माझा उद्याचा प्रयोग वेगळा झाला असता का?

उजवीकडे_सरकलेली_रेघ

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. उत्तर हो. वेगळा झाला असता, कदाचित तू काय मोजतेयस याला नावच नसतं.

उद्या तू अँटॅगनिस्ट, म्हणजे रिसेप्टर अडवणारं औषध घालशील, कर्व्ह उजवीकडे सरकेल, तू पीए२ काढशील, म्हणजे ते अडवणं किती ताकदीचं त्याचा आकडा. तो पीए२ आला कुठून? हाइन्झ शिल्डनी ही मोजपट्टी १९४७ ला मांडली, ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजीच्या दुसऱ्याच वर्षी, त्याच जर्नलमध्ये. अँटॅगनिस्ट वाढवल्यावर कर्व्ह किती सरकतो त्याचा तू जो शिल्ड प्लॉट काढतेस तो १९५९ चा पेपर, अरुणलक्षणा आणि शिल्ड, तोही तिथलाच. जॉन व्हेननी एकाखाली एक टिश्यू टांगून त्यांच्यावरून रक्त सोडायची पद्धत १९६४ ला तिथेच सविस्तर लिहिली आणि त्याच वाटेनं पुढे १९७१ ला अ‍ॅस्पिरिन काम कसं करतं ते सापडलं.

त्याहून मजेशीर गोष्ट नावांची. १९५७ ला गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर सेरोटोनिन घालून बघितलं. आकुंचनाचा काही भाग मॉर्फिननं थांबत होता आणि काही भाग डायबेन्झिलीननं. म्हणून त्यांनी म्हटलं की रिसेप्टर दोन प्रकारचे दिसतात, एकाला एम म्हणू, एकाला डी म्हणू, औषधांची आद्याक्षरं, बस. एम मज्जातंतूंवर, डी स्नायूवर. मग तीसेक वर्षं प्रत्येक लॅब आपापली नावं पाडत राहिली आणि सगळा घोळ झाला, एकाच रिसेप्टरला तीन नावं आणि एका नावाखाली दोन रिसेप्टर. १९८६ ला काही मंडळींनी एकत्र बसून नावं लावली, तेव्हा गॅडमचा डी झाला ५-एचटी२ आणि एम झाला ५-एचटी३ (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच). केमोथेरपी घेणाऱ्या पेशंटला उलटी होऊ नये म्हणून देतात ते ऑनडान्सेट्रॉन याच ५-एचटी३ ला अडवतं. आतड्याच्या दोन इंची तुकड्यावरून तिथपर्यंत रस्ता जातो.

हे नाव लावायचं काम आता जगभरच्या सोसायट्यांची जी शिखर संघटना आहे, युफार, तिची समिती करते. युफार १९५९ ला फिजिऑलॉजीच्या जागतिक संघटनेचा एक विभाग म्हणून सुरू झाली आणि १९६६ ला वेगळी झाली, म्हणजे घर वेगळं करायची तीच कहाणी परत एकदा. नावांची समिती १९८७ ची. ब्रिटिश सोसायटी आणि युफार मिळून गाइड टू फार्माकॉलॉजी नावाचा डेटाबेस चालवतात, मोफत आहे, तू नक्की वापरत असशील. कुठल्या रिसेप्टरवर कुठलं लिगँड, म्हणजे तिथे जाऊन बसणारा रेणू, किती ताकदीनं बसतं ते कुणीतरी पेपर वाचून, तपासून, हातानं भरलेलं असतं. ते 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक असे सदस्य, आपली नोकरी सांभाळून, बिनपैशाचे. माझ्या एका रिसेप्टर फॅमिलीचं पान तपासायला माझ्याकडे आलं होतं तेव्हा दोन महिने रात्री जागून केलं आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

आणि जर्नलच्या नियमांचं म्हणशील तर बीजेपीनं, म्हणजे त्याच ब्रिटिश जर्नलनं, २०१५ ला लिहून टाकलं की ग्रुपमध्ये कमीत कमी पाच स्वतंत्र नमुने नसतील तर त्यावर स्टॅटिस्टिक्स करू नका, प्राणी रँडमाइझ करा, मोजणाऱ्याला कुठला ग्रुप ते माहीत नको. तीन उंदरांवर 'फरक सिद्ध झाला' असे तारे लावून पेपर पाठवायची सवय होती सगळ्यांना. खूप जण चिडले, मीही चिडलो होतो, प्रयोग परत करावे लागले. आता मागे वळून बघितलं की वाटतं दहा वर्षं आधी यायला हवं होतं.

सोसायटीचं जर्नल चुकतच नाही असं नाही हं. आल्क्विस्टचा अल्फा आणि बीटा रिसेप्टरचा पेपर जेपेटनं परत पाठवला होता, तो १९४८ ला फिजिऑलॉजीच्या जर्नलमध्ये आला. ब्लॅकनी प्रोप्रॅनोलॉल शोधलं ते त्याच कल्पनेवर.

पण मला खरं सांगायचंय ते माझ्या पहिल्या पोस्टरचं. उंदराचं व्हास डेफरन्स, म्हणजे शुक्रवाहिनी, नॉरॲड्रेनालिनचा कर्व्ह, अँटॅगनिस्ट म्हणून प्राझोसिनच्या चार कॉन्सन्ट्रेशन. शिल्ड प्लॉटचा स्लोप आला ०.७. एकाच प्रकारचा रिसेप्टर असेल तर एक यायला हवा. मी सहा महिने डोकं लावून ठरवलं होतं की इथे दोन प्रकारचे रिसेप्टर मिसळलेले आहेत, पोस्टरचं शीर्षकच तसं दिलं होतं, मोठ्या अक्षरात. दुपारी एक वयस्कर बाई आल्या, चष्मा कपाळावर, हातात कॉफी. शीर्षक वाचलंच नाही, सरळ खाली ग्राफवर बोट ठेवून म्हणाल्या, बाथमध्ये डेसिप्रामीन होतं का? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, मग नॉरॲड्रेनालिन टिश्यूपर्यंत पोचतंय किती?

मला तिथल्या तिथे लख्ख दिसलं. व्हास डेफरन्समध्ये सिंपथेटिक मज्जातंतू खच्चून भरलेले असतात, ते नॉरॲड्रेनालिन शोषून घेतात, आणि डेसिप्रामीन ते शोषण अडवतं. कमी कॉन्सन्ट्रेशनला बरंचसं गिळलं जातं, आणि अँटॅगनिस्ट वाढवत गेलं की ॲगोनिस्ट, म्हणजे इथे नॉरॲड्रेनालिन, एवढं जास्त घालावं लागतं की ती शोषणयंत्रणा भरून जाते, म्हणजे प्रत्येक पायरीला टिश्यूला मिळणारा हिस्सा बदलतो आणि कर्व्ह जेवढा सरकायला हवा तेवढा सरकलेला दिसत नाही. स्लोप खाली येतो. लॅबमध्ये परतल्यावर डेसिप्रामीन घालून परत केलं, स्लोप ०.९८. माझे दोन रिसेप्टर गेले! गाइडलाही हे सुचलं नव्हतं, त्यांचा विषय वेगळा होता. त्या बाईंनी मला अर्धा तास दिला, कागदावर आकृती काढून दिली, तो कागद अजून माझ्या वहीत आहे. पुढे माझ्या सदस्यत्वाच्या फॉर्मवर दुसरी सही त्यांचीच होती.

रात्रपाळी

क्लिनिकल बाजू कुणी लिहिली नाही म्हणून थोडक्यात. मी वॉर्डात काम करणारी क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्ट. सोसायटीचं काम फक्त लॅबवाल्यांसाठी नसतं. ब्रिटिश सोसायटीनं तिथल्या मेडिकल स्कूल्सच्या परिषदेबरोबर शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी औषध लिहिण्याची परीक्षा आणली, दोन तास, आठ विभाग, साठ प्रश्न. औषधांचा संदर्भग्रंथ समोर ठेवून द्यायची, कारण खऱ्या वॉर्डातही तो समोर असतो. पाठांतर तपासत नाहीत, तर किडनी बिघडलेल्या पेशंटचा डोस बदलता येतो का, चार्टमधली एकमेकांशी भांडणारी दोन औषधं दिसतात का, मिलिग्रॅम-मिलिलिटरचं गणित रात्री तीन वाजता जमेल का, हे तपासतात.

मी स्वतः शिकाऊ असताना एका ज्येष्ठ पेशंटला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाऐवजी रोज लिहिलेलं बघितलंय. सुदैवानं दुसऱ्याच दिवशी एका फार्मासिस्टच्या नजरेला पडलं. म्हणून फार्मासिस्ट म्हटल्यावर वाईट वाटून घेऊ नकोस निळी_शाई, ते आपले जिवाभावाचे सोबती आहेत. फक्त ही चूक परत घडूच नये म्हणून डॉक्टरांना शिकवायचं कसं, यावर बसून काम करणारी माणसं मला सोसायटीच्या शिक्षण समितीतच भेटली.

काजळीचा_ड्रम

उजवीकडे_सरकलेली_रेघ, डेसिप्रामीनचा किस्सा वाचून फार बरं वाटलं. आमच्या वेळी यासाठी कोकेन घालायचे, त्याचा हिशोब रजिस्टरात मिलिग्रॅममध्ये लिहावा लागे. पहिला_डोस, तुमचं म्हणणं पटलं. कलम चूक होतं, मी जरा सांभाळून लिहिलं होतं.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा वाचला आणि सकाळी पहिलं काम म्हणजे माझी वही उघडली. माझ्या टिश्यूवर पण नॉरॲड्रेनालिनच आहे आणि माझा स्लोप ०.७४ आहे, मी तो 'सुमारे एक' म्हणून पुढे गेले होते. बाथमध्ये डेसिप्रामीनसारखा शोषण अडवणारा अपटेक ब्लॉकर नाहीये. प्रोटोकॉल आधीच्या विद्यार्थ्याचा जसाच्या तसा घेतला होता. गाइडना दाखवलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले ऑर्डर कर.

फॉर्म भरला. एक सही झालीये. दुसऱ्या सहीसाठी आमच्या शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये एक मॅडम आहेत असं कळलंय, त्या बरीच वर्षं सदस्य आहेत, उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. नुसता फॉर्म घेऊन जाऊ की ट्रेसिंगही, म्हणजे प्रयोगात उमटलेल्या रेघाही दाखवू?

उजवीकडे_सरकलेली_रेघ

ट्रेसिंग ने. सगळी ने, बिघडलेली पण. आणि डेसिप्रामीन घातल्यावर पहिला कर्व्ह काढायच्या आधी निदान अर्धा तास थांब, घाई करू नकोस. स्लोप किती आला ते इथे लिही.